वैद्यकीय वस्त्रांसाठी शाखा बदलावी का?

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी वस्त्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला कृत्रिम तंतूंच्या वैद्यकीय उपयोगावर काम करायचे आहे आणि जीवशास्त्र शाळेतच सुटल्यामुळे तिने आता शाखा बदलावी का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की तिने शाखा बदलू नये.

कृत्रिम रक्तवाहिनीचेच पाहा. 1952 साली शल्यचिकित्सक आर्थर व्होर्हीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विन्यॉन-एन या कृत्रिम तंतूच्या कापडाच्या नळ्यांनी धमन्या जोडल्याचे प्रसिद्ध केले. पुढे शल्यचिकित्सक मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉन, म्हणजे कपड्यांत वापरतात तेच पॉलिएस्टर, या कामासाठी रुळवले. यातले बरेचसे प्रश्न आजही विणीचेच आहेत. मागावर घट्ट विणलेल्या नळीतून रक्त कमी पाझरते, पण ती ताठर असते आणि कापलेल्या कडेचे धागे सुटतात. निटिंगची, म्हणजे स्वेटरसारखी फासे गुंफून केलेली, नळी मऊ असते, तिच्या छिद्रांत शरीराच्या पेशी सहज शिरतात, मात्र रक्त पाझरू नये म्हणून तिच्यावर कोलॅजन किंवा जिलेटिन या प्रथिनांचा लेप द्यावा लागतो. वाकवल्यावर नळी दुमडून बंद पडू नये यासाठी तिला चुण्या पाडून त्या उष्णतेने पक्क्या करतात. हे सारे आपल्या मुलीच्या अभ्यासक्रमाच्या अगदी जवळचे आहे.

तिला नव्याने शिकावे लागेल ते तंतू शरीरात गेल्यानंतरचे: रक्त कसे गोठते, दाह कसा होतो, जखम कशी भरते. स्पिनिंगच्या, म्हणजे तंतू तयार करण्याच्या, वेळी लावलेले तेल शर्टाच्या कापडात खपून जाते. शरीरात ठेवायच्या जाळीवर त्याचा अंशही घातक ठरू शकतो. निर्जंतुकीकरणाचेही तसेच आहे. गॅमा किरणांनी साधे पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक ठिसूळ होते, तर विरघळणाऱ्या टाक्यांचे पॉलिग्लायकोलिक आम्ल वाफेच्या ओलाव्याने तुटते, म्हणून अशा ठिकाणी बहुधा इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात. पदार्थ शरीराला अपायकारक नाही ना, हे पाहणाऱ्या चाचण्यांची चौकट आयएसओ 10993 या आंतरराष्ट्रीय मानकमालिकेत आहे आणि ती तिने आतापासूनच वाचायला घ्यावी.

हे काम संथ आहे, नोंदी काटेकोर ठेवाव्या लागतात आणि उत्पादन रुग्णापर्यंत पोहोचण्यास अनेक वर्षे लागू शकतात. झटपट बढतीची अपेक्षा असेल तर मन खट्टू होईल. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने एकच तंतू आणि एकच उपयोग निवडावा, शक्य झाल्यास एखाद्या शल्यचिकित्सकाला सहमार्गदर्शक होण्याची विनंती करावी आणि जैवपदार्थशास्त्राचे, म्हणजे शरीरात वापरायच्या पदार्थांच्या शास्त्राचे, पदव्युत्तर शिक्षण त्यानंतर घ्यावे.