समलिंगी व्यक्तींच्या आरोग्यविषमतेवर एमएचा प्रबंध: प्रश्नावली आणि नमुना कसा ठरवावा?

'तुम्ही समलिंगी आहात का?' हा एकच प्रश्न पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पुरणार. ओढ कोणाकडे वाटते, गेल्या १२ महिन्यांत शरीरसंबंध कोणाशी आले आणि स्वतःला काय म्हणवता, हे तीन प्रश्न सुटे विचारा. पुरुषांशी संबंध ठेवणारा विवाहित माणूस तुमच्या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणेल, आणि तो खोटंही बोलत नसेल. एचआयव्हीची जोखीम वागण्यावरून ठरते, म्हणून तिथे 'एमएसएम' (पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, मग ते स्वतःला काहीही म्हणवोत) हा गट धरतात. नैराश्याकडे बघायचं तर ओळख, आणि ती कोणापासून लपवावी लागते, हे कळायला हवं.

लिंगभावाचंही तसंच: जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग एका प्रश्नात, आजचं दुसऱ्या. इंग्लंड-वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत दोन्ही एकाच वाक्यात घातलं होतं. इंग्रजी कच्चं असलेल्या काहींनी ते उलटंच वाचलं असावं अशी शंका आली आणि २०२४ मध्ये त्या आकड्यांचा 'मान्यताप्राप्त अधिकृत आकडेवारी' हा दर्जा काढून घ्यावा लागला. तेव्हा मराठी प्रश्नावली आधी दहा-बारा जणांना वाचायला द्या आणि प्रत्येक प्रश्न काय समजला ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा.

खरी मेख नमुन्यात आहे. या लोकांची यादी कुठेच नसते, त्यामुळे साखळी पद्धत वापरावी लागते: सुरुवातीला सहा-सात जण, प्रत्येकाला तीन कुपनं; ती त्याने ओळखीच्यांना द्यायची आणि कुपन घेऊन येणाऱ्यांनाही पुन्हा तीन. हे सगळे एकाच संस्थेतले घेतलेत तर अहवाल त्या संस्थेचा होईल, शहराचा नाही. म्हणून वय, जात, वस्ती, धंदा बघून निवडा. 'अशा किती जणांना तुम्ही ओळखता?' हे प्रत्येकाला विचाराच, कारण पुढे भारांक (कोणाचं उत्तर किती वजनाने मोजायचं ते आकडे) त्यावरच काढायचे असतात. हा प्रश्न राहिला तर भारांक निघणार नाहीत. मानधन जास्त ठेवलं की कुपनं विकली जातात आणि तोच माणूस दोनदा येतो.

'विषमता' म्हणायची तर तुलनेसाठी दुसरा गट हवाच: त्याच वस्तीतले, त्याच वयाचे, आणि प्रश्न तेच. मुलाखत घरी नको. दोन खोल्यांच्या घरात सासू पलीकडेच असते.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी वापरलीत (० ते २७ गुण, १० किंवा जास्त असतील तर तपासणीची गरज), तर नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी काय करायचं, हे नीतिसमितीच्या अर्जातच लिहा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ द्याच, पण नुसता नंबर हातात ठेवून उठू नका. ज्याच्याकडे लगेच पाठवता येईल असा समुपदेशक आधीच ठरवून ठेवा.