ऑटोमॅटिक गाडी थांबत आली की खालच्या गिअरला जाताना गचका बसतो, गिअरबॉक्स खोलावाच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की 2012 ची 4 स्पीड ऑटोमॅटिक आहे, 90 हजार किमी झालेत, सिग्नलला थांबत आलं की दुसऱ्यावरून पहिल्यात पडताना मागून कुणी ढकलल्यासारखा गचका बसतो आणि गॅरेजवाला एक चक्कर मारून आला आणि म्हणाला गिअरबॉक्स खोला. एवढ्यावरून खोलू नका हो. मी अगदी हेच भोगलंय, मला 70 हजार सांगितले होते, आणि शेवटी निघालं काय तर फाटलेलं एक फाउंडेशन (इंजिन ज्या रबरी आधारावर बसवलेलं असतं तो) आणि कधीच न बदललेलं गिअर ऑईल. तुमचंही तेच असेल असं म्हणत नाही, पण मी कसं शोधलं ते सांगतो. (एएमटी, सीव्हीटी किंवा ड्युअल क्लचवाल्यांनी हे स्वतःच्या गाडीला लावू नका, त्यांची आतली रचना वेगळी आहे. हे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांचं, म्हणजे जिथे इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला जाते.)

आधी दोन दिवस नुसतं लक्ष द्या आणि लिहून ठेवा. गचका सकाळी थंड गाडीला येतो का तासभर चालवल्यावर, एसी चालू असताना जास्त का, जोरात ब्रेक मारल्यावर का नुसता पाय काढून गाडी आपोआप हळू होताना. माझा सकाळी अजिबात नसायचा, ऑफिसहून परत येताना ट्रॅफिकमध्ये एसी चालू असला की हमखास. ही एक ओळ मेकॅनिकला सांगितली की निम्मं काम होतं, नाहीतर तो सकाळी गाडी फिरवतो आणि म्हणतो काही नाहीये.

याचं कारण असं की गिअर बदलताना आत एक क्लच सुटतो आणि दुसरा पकडतो आणि ते सगळं ऑईलच्या प्रेशरवर चालतं. पण बऱ्याच जुन्या 4 स्पीड गाड्यांमध्ये डी ला असताना पहिला गिअर वन-वे क्लचवर (एकाच दिशेने पकडणारा, उलट दिशेने मोकळा फिरणारा) असतो, म्हणजे पाय काढलेला असताना पहिल्यात गेलेलं तुम्हाला जवळपास कळतही नाही, कळायला नको. म्हणून नेमका तिथेच गचका येत असेल तर मी तरी आधी गिअरबॉक्सच्या बाहेर बघेन. इंजिनचा स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग, जास्त आहे का ते बघा. एसीचा कॉम्प्रेसर लागला की स्लो थोडा वाढतोच, पण थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) काजळीने भरलेली असेल तर तो वरखाली होत राहतो, मग गाडी थांबायला आलेली आणि इंजिन मागून रेटतंय, गचका बसणारच. थ्रॉटल बॉडी साफ करणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

मग फाउंडेशन. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, आत कुणीतरी भरवशाचं माणूस बसवा ज्याने ब्रेक घट्ट दाबून ठेवायचा, बॉनेट उघडा आणि बाजूला उभे राहा, गाडीच्या समोर अजिबात नाही. आता त्याला डी, एन, आर, एन असं सावकाश करायला सांगा. इंजिन थोडं हलतं ते ठीक आहे. माझं आर टाकल्याबरोबर दोन बोटं वर उचलायचं आणि परत धप्पकन बसायचं, तो आवाज ऐकला तेव्हाच कळलं की रोज सिग्नलला मी हेच ऐकतोय. टॉर्च मारून बघितलं तर मागच्या फाउंडेशनचं रबर मधून पूर्ण चिरलेलं.

ऑईल बघताना मात्र घाई करू नका. गाडी सपाट जागेवर, चांगली 15-20 मिनिटं चालवून गरम झालेली, इंजिन चालू, लीव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून परत पी ला. काही गाड्यांमध्ये इंजिन बंद करून लगेच बघतात, म्हणून आधी मॅन्युअल वाचा, आणि डिपस्टिकच नसेल तर लिफ्टवर घेऊन खालचा प्लग उघडून ठराविक तापमानाला बघावं लागतं, ते घरी नको. डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. माझा थेंब जुन्या काकवीसारखा होता, मधे काळपट आणि कडेला तपकिरी, पण जळका वास नव्हता. लाल असेल तर छान. जळका वास आला तर आत क्लच प्लेटा जळल्यात असं समजा. आणि गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट ऑईलमध्ये मिसळलंय, मग गाडी चालवूच नका, टो करून न्या.

ऑईल बदलायचं तर मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या, डेक्स्रॉन 6 म्हटलं असेल तर तेच, टोयोटा डब्ल्यूएस म्हटलं असेल तर तेच, लाल रंग बघून कुठलंही ओतू नका. एकदा ड्रेन केल्यावर सगळं निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं, माझ्या गाडीतून साडेतीन लिटर निघालं. निघालं तेवढंच मोजून भरलं, हजार किमी चालवून परत एकदा तसंच केलं. एवढ्या जुन्या ऑईलवर प्रेशर मशीनने फ्लश करून घ्यायला मी नाही म्हणालो, आजही म्हणेन. ऑईलनंतर गचका निम्म्यावर आला आणि फाउंडेशननंतर गेला, दोन्ही मिळून दहा हजारांच्या आत.

याने फरक नाही पडला तर गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचू शकेल असा स्कॅनर असलेल्याकडे जा, स्वस्तातले ब्लूटूथवाले बऱ्याचदा फक्त इंजिनच वाचतात. स्कॅनरवर पी 0700 हा बिघाडाचा कोड आला तर घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सची तक्रार आहे, खरा कोड त्याच्या सोबतचा. 0715 आणि 0720 स्पीड सेन्सरच्या सर्किटचे, 0750 पासून 0770 पर्यंतचे शिफ्ट सोलेनॉइडचे (गिअर बदलायला ऑईलची वाट उघडबंद करणारे विजेवरचे व्हॉल्व्ह). यातलं बरंचसं अख्खा गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होतं, कधी नुसता वायरिंगचा कनेक्टर ऑईलने भिजलेला असतो. आणि हो, मध्यंतरी बॅटरी काढली होती का? काही गाड्या शिकलेलं सगळं विसरतात आणि थोडे दिवस गिअर कडक पडतात.

खोलायला हो कधी म्हणायचं, तर रेस वाढते पण गाडी पुढे जात नाही, किंवा ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर चकचकीत धातूचे कण आलेत. नुसती करडी बारीक पेस्ट असेल तर ती झिजेची असते, तिला घाबरू नका. ऑईल काढताना तिथे उभे राहा आणि तो प्लग पुसायच्या आधी स्वतः बघा.