महसूल मंत्री म्हणजे नेमका कोण?

प्रश्न: माझा भाचा टोरांटोला असतो, तो म्हणतो तिकडे इन्कम टॅक्सवाला वेगळा मंत्री असतो. आपल्याकडे महसूल मंत्री आहेच की, मग टॅक्स तोच घेतो का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: नाही हो, इथेच सगळ्यांचा घोळ होतो! गोव्याचा महसूल मंत्री म्हणजे जमिनीचं खातं, मामलेदार, म्युटेशन (जमिनीच्या नोंदीतला नावबदल), एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद) वगैरे (त्यासाठी किती खेपा घालाव्या लागतात ते तुम्हांला सांगायला नको). इन्कम टॅक्स केंद्राचा, तो अर्थमंत्र्यांच्या हाताखालच्या महसूल विभागाकडे, त्यासाठी वेगळा कॅबिनेट मंत्री नाही.

भाचा म्हणतो ते 2025 पर्यंत खरं होतं. कॅनडात अर्थमंत्री टॅक्सचं धोरण ठरवायचा आणि वसुली करणाऱ्या एजन्सीची जबाबदारी राष्ट्रीय महसूल मंत्र्याची असायची, म्हणजे दर ठरवणारा एक आणि लोकांच्या शिव्या खाणारा दुसरा; 2025 च्या मे महिन्यात मात्र दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे आली. न्यूझीलंडला महसूल मंत्री आहे. ब्रिटनमध्ये तर 2005 ला दोन जुनी खाती एकत्र करून जे वसुली खातं झालं ते रोजच्या कारभारात मंत्र्याच्या हाताखाली नाहीच, कुणाची फाइल उघडायची हे राजकारण्यांनी ठरवू नये म्हणून, आणि मला विचाराल तर हेच बरं.