विडीचा हजार, व्ह्यूजचा हजार

प्रिय पोरी,

तू पाठवलेला जाहिरातीचा करार दोनदा वाचला. आधी मोबाइलवर, मग अशोक चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेऊन, पेन्सिल हातात धरून. एवढ्यात सही करू नकोस.

तुझे व्हिडिओ मी न चुकता बघतो. सोलापूरच्या पूर्व भागातली आपली तेलुगू-मराठी मिसळलेली बोली, पाण्याच्या पाळीवरून तू उभ्या केलेल्या अक्काचं आणि शेजारणीचं भांडण, मध्येच कुणाच्या तरी मागाची खटखट, सगळं अस्सल असतं. पण दोन-तीन महिन्यांपासून भांडण आखूड झालंय आणि सुरुवातीलाच किंकाळी यायला लागलीय. विचारलं तर म्हणालीस, ‘मामा, तसं केलं नाही तर लोक पुढं सरकवतात.’ खरं असेल. पण आपली अक्का किंचाळत नाही गं. ती आवाज खाली आणते, तेव्हा शेजारीण घाबरते. ते तुलाच दाखवता येत होतं.

तुझ्या आईला मजुरी हजार विड्यांवर मिळते. यूट्यूब तुला कमाई दाखवतं तीही हजार व्ह्यूजवर. पानं आणि तंबाखू कारखान्याची, हात आईचे, आणि छाट, म्हणजे नापास विड्या, किती काढायची ते तपासणारा ठरवणार. छाट निघालेली विडी आई दोन बोटांत फिरवत बसायची, कुठं चुकलं ते शोधत. तुझा एक व्हिडिओ जाहिरातींसाठी अपात्र ठरला, त्या रात्री तूही फोन तसाच खालीवर करत बसली होतीस. कारण सापडलं नाही. मला ते बघवलं नाही.

आईच्या छाटेवर भांडायला २०२५ पर्यंत निदान कायदा तरी होता. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात छाटेच्या वादासाठी कलमच होतं. ते कुणी दयेनं दिलेलं नाही. आपल्याकडच्या बायका लाल झेंडा घेऊन रस्त्यावर चालल्या, म्हणून सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली. तुझ्यासारखी व्हिडिओ करणारी पोरं सोलापुरात कमी नाहीत. एकमेकांचे दर तरी एकमेकांना सांगता का?

आता माझं सांगतो, कारण करारातली सातवी ओळ वाचून मला तेच आठवलं. मी मागावर नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्राची कार्डं पंच करायचो. आलेखाच्या कागदावर नक्षी चौकोन चौकोन मोजायची आणि जिथं ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलायचा तिथं पुठ्ठ्यात भोक पाडायचं. भोक म्हणजे हो, कोरी जागा म्हणजे नाही. एक भोक चुकलं की नक्षीच्या प्रत्येक फेऱ्यात तीच चूक उमटत राहते. फ्रान्समधल्या जाकारनं हे यंत्र १८०४ च्या सुमारास बनवलं आणि पुढं इंग्रज गणितज्ञ बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी, आजच्या संगणकाच्या पूर्वजासाठी, ही कार्डांची कल्पना उचलली. म्हणजे तुझ्या हातातल्या मोबाइलचं आणि आपल्या चादरीचं नातं जुनं आहे. एका कारखान्यासाठी मी मोराची नक्षी केली. सव्वा महिना लागला. कार्डांच्या एका संचाचे पैसे मिळाले, तेवढेच. तो मोर पुढं कितीतरी वर्षं विकला गेला, दुसऱ्यांच्या मागांवरही नाचला. मी कागदावर काहीच लिहून घेतलं नव्हतं.

तुझ्या करारातल्या त्या सातव्या ओळीत लिहिलंय की तुझा चेहरा आणि आवाज वापरून नवीन व्हिडिओ तयार करण्याचा हक्क कंपनीला कायमचा राहील. म्हणजे एकदा तुझं कार्ड पंच झालं की तू नसतानाही माग चालणार. उद्या तुझीच अक्का तुझ्याच आवाजात काय बोलेल, ते तुला कळणारही नाही. आणि विकायचं काय, तर पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप. तुझे व्हिडिओ बघणाऱ्या बायकांना आठवड्याचा हप्ता म्हणजे काय ते तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्या तुझ्यावर विश्वास ठेवून कर्ज घेतील. हे पैसे घेऊ नकोस. इथं मी सल्ला देत नाहीये, हात जोडतोय.

दुसऱ्या जाहिराती जरूर घे. पैसा वाईट नाही, आईचे गुडघे दुखतात हे मलाही दिसतं. मुदत लिहून घे, सहा महिने किंवा वर्ष. आवाजाचा हक्क तुझ्याकडंच ठेव. जाहिरात आहे हे व्हिडिओवर ठळक लिही. टॉवेलच्या कारखान्यातली हिशेबाची नोकरी इतक्यात सोडू नकोस. यूट्यूब लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के देतं, शॉर्ट्सच्या वाट्यातले ४५. पण मुळात जाहिरात किती येणार, ते ना तुझ्या हातात, ना माझ्या.

रविवारी दुपारी ये. करार आण, आणि आईचं विड्यांचं लॉगबुकही आण. रोज किती दिल्या, छाट किती गेली, मजुरी किती झाली, हे ती कसं लिहून ठेवते ते नीट बघ. तसेच रकाने तुझ्यासाठी एका वहीत आखून ठेवलेत मी.

तुझा,
कार्डवाले मामा