तुझा नकाशा पाहिला, आता वजाबाकी तपास

प्रिय विद्यार्थिनीस,

समुद्रप्रवाहांचा तुझा नकाशा मिळाला. रंग झकास आहेत, पण मला आधी संदर्भ, म्हणजे उंची कशापासून मोजली ते, पाहायची खोड आहे.

श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्र शंभर मीटर खचलेला दिसतो म्हणून तिथे प्रवाह जोराचा, असं तू लिहिलंस. नाही गं. तिथे गुरुत्वाकर्षणच जरा कमी, म्हणून जिओइड, म्हणजे पाणी शांत असतं तर त्याची जी पातळी राहिली असती ती, सुमारे 106 मीटर खाली आहे. त्या खळग्यात पाणी स्वस्थ बसलेलं असतं. उपग्रहांनी मोजलेल्या सरासरी समुद्रपातळीतून जिओइड वजा केला की शून्याच्या वर-खाली जेमतेम एक-दीड मीटरचा चढउतार उरतो. प्रवाह त्यावरून वाचायचे. शिल्लक एवढी चिमूटभर, म्हणून सेंटिमीटरचा हिशेब. 'गोचे' उपग्रह 2009 ते 2013 या काळात सुमारे 255 किलोमीटर इतक्या खालून फिरवला तो जिओइड बारकाईने मोजायलाच.

या वजाबाकीत मीही आपटलोय. एकदा माझा अख्खा अरबी समुद्र 70 सेंटिमीटरने सरकला. उंची मोजायला पृथ्वीचा एक गणिती लंबगोल धरतात; एक फाइल टोपेक्स उपग्रहाच्या लंबगोलावर होती, दुसरी डब्ल्यूजीएस 84 नावाच्या लंबगोलावर. गंमत म्हणजे प्रवाह बरोबर आले, कारण सगळीकडे जवळपास सारखीच भर पडली की उतार बदलत नाही. त्यामुळे चूक सापडायला आठवडा गेला. कायमस्वरूपी भरती, म्हणजे चंद्र-सूर्याच्या ओढीचा कायम राहणारा भाग, हिशेबात धरायची पद्धत दोन्ही फाइलींत वेगळी असली तर मात्र खैर नाही. तो फरक अक्षांशागणिक बदलतो आणि खोटा उतार तयार होतो. फाइलीचं हेडर, म्हणजे सुरुवातीची माहिती, आधी वाच.

पृथ्वी फिरते म्हणून पाणी उताराने खाली धावत नाही, उताराला आडवं जातं. उत्तर गोलार्धात प्रवाहाच्या दिशेने तोंड केलं तर उंच पाणी उजव्या हाताला. गोव्याच्या अक्षांशावर 100 किलोमीटरमध्ये 10 सेंटिमीटर उतार असेल तर वेग सेकंदाला साधारण 25 सेंटिमीटर. तोच उतार 45 अंशांवर जेमतेम साडेनऊ देतो. विषुववृत्तालगत उतारावरून वेग काढायचं हे सूत्र वापरू नकोस; पृथ्वीच्या फिरण्याच्या ज्या परिणामाने भागायचं तो तिथे शून्य होतो आणि नकाशावर भुतं नाचतात.

आता खरी अडचण. तुझी सरासरी 1993 ते 2012 ची आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला वाहतो, हिवाळ्यात उत्तरेला. दोन्ही मिळवून भागलेस की उरतं ते मवाळ, कोणत्याच महिन्यात न दिसणारं पाणी. होडी घेऊन जाणारा माणूस त्याला ओळखणारही नाही. पाण्याची ओढ कुठे आहे ते त्याला त्या दिवसाचं हवं असतं. सरासरी हा नुसता पाया. त्यावर त्या-त्या दिवसाची विसंगती, म्हणजे सरासरीपासूनचा फरक, चढवली की प्रवाह दिसतो.

येताना तीन नकाशे आण: जुलै, जानेवारी आणि सरासरी. तिघांची रंगपट्टी एकच ठेव, नाहीतर पुन्हा फसशील.

तुझे सर