व्हीगन लेक, थीम पार्क आणि "मग खायचं काय?"

प्रश्न: ताई, मे महिन्यात आम्ही इमॅजिकाला जायचं ठरवलंय, आम्ही दोघं, मुलगा, मुलगी आणि सासूबाई. मुलगी कॉलेजला आहे आणि हल्ली व्हीगन झालीये, दूध, दही, तूप, पनीर, मध काहीच नाही. सासूबाईंचं एकच पालुपद, "ताकसुद्धा नाही? मग पोरगी जगणार कशावर?" बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत म्हणे. मग दिवसभर तिने नुसते फ्रेंच फ्राइज खायचे का?
– एक आई, मुलुंड

उत्तर: अहो, सासूबाईंना आधी विचारा की त्यांनी जन्मभर खाल्लेले कांदेपोहे, बटाटावडा, मिसळ, झुणका-भाकर, अगदी सोलकढी, यात दूध-तूप कुठे असतं? वरून काही घातलं नाही तर हे सगळं व्हीगनच. थीम पार्कातही नेमका हा "वरून घालण्याचा"च त्रास असतो. पावभाजीच्या तव्यावर लोण्याचा गोळा आधीच विरघळलेला असतो, त्यामुळे तुम्ही "बटर नको" म्हणालात की तो मुलगा फक्त शेवटची चकती टाकत नाही आणि पावही त्याच लोण्यात परतून देतो, म्हणून पावभाजीचा नाद सोडा. डोसा मात्र चांगला, पण ऑर्डर देतानाच "तेलावर, तूप-बटर नको" असं सांगायचं, सांबार बहुतेक वेळा चालतं, खोबऱ्याच्या चटणीत दही आहे का ते विचारून घ्यायचं. भटुरे आणि नान यांच्या पिठात दही किंवा दूध असतं. तंदूर रोटी कोरी मागा, आणि डाळ घेताना फोडणी तेलाची की तुपाची ते विचारा. चायनीजच्या काउंटरवर नूडल्सपेक्षा फ्राइड राइस बरा, कारण काही नूडल्समध्येच अंडं असतं, आणि राइससुद्धा धुतलेल्या कढईत करून मागायचा.

काउंटरवर नुसतं "व्हीगन" म्हणू नका, समोरचा व्हेज समजतो आणि पनीर वाढतो. "दूध, दही, तूप, बटर, पनीर, चीज, अंडं नको" अशी सरळ यादी वाचायची. मुलीला लाज वाटत असेल तर तुम्ही वाचा, आयांना लाजून चालत नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, वेळ. दुपारी साडेबारा ते अडीच काउंटरवर इतकी झुंबड असते की तुमचं कोण ऐकणार. साडेअकराला जा, तेव्हा आचारी मोकळा असतो, तो स्वतः सांगतो की ताई हे घेऊ नका, ग्रेव्हीत क्रीम आहे. कॅशियरला विचारून काही उपयोग नाही, त्याला फक्त बिल माहिती. फक्त एवढं बघा की नायट्रोसारखी उलटीपालटी करणारी राइड जेवणाच्या आधी उरकून घ्या, मिसळ खाऊन त्यात बसायचं धाडस मी तरी करणार नाही.

बुफेचं कूपन मुलीसाठी घेऊ नका. बुफेचे पैसे पनीर, दही, गुलाबजाम आणि आइस्क्रीमचे असतात, ती खाणार भात, कोरी रोटी आणि सॅलड, म्हणजे तुमच्या पैशावर बाकीचे जेवणार. काउंटरवरून वेगळं घ्या.

गेटवर बाळाचं खाणं आणि औषधं बहुतेक पार्कात जाऊ देतात, डबा नाही. म्हणून सकाळी घरून पोटभर पोहे खाऊन निघा, नाहीतर एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलवर इडली खा. लोकलने खोपोलीपर्यंत जाणार असाल तर कर्जतला दिवाडकरांचा वडा आहेच. गाडीत डबा ठेवायचा असेल तर बाहेर जाऊन परत आत सोडतात का ते तिकीट काढतानाच विचारा. पाकीटबंद चिप्स-बिस्किटांवर हिरवा ठिपका बघून थांबू नका, तो ठिपका दुधालाही चालतो, पाकिटाच्या मागे "कंटेन्स मिल्क" लिहिलंय का ते बघा. पॅकेटवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, हिरवा व्ही असलेला व्हीगन लोगो दिसला तर प्रश्नच मिटला. गोडाला काला खट्टा गोळा. परतताना चिक्की घ्यायची तर तूप लावलंय का ते विचारूनच घ्या.

प्रश्न: आम्ही दोघं व्हीगन आहोत आणि दिवाळीत एका टूर कंपनीबरोबर सिंगापूरला जातोय, एक अख्खा दिवस युनिव्हर्सल स्टुडिओज आहे. टूरवाले म्हणतात "जैन जेवण मिळेल, काळजी करू नका". काळजी करायची का?
– दादरहून एक नवरा

उत्तर: करायची. जैन जेवणात कांदा-लसूण आणि कंदमुळं नसतात, पनीर आणि दही भरपूर असतं, त्यामुळे टूर मॅनेजरला आत्ताच लेखी कळवा आणि रोजच्या थाळीत तुमच्यासाठी एक उसळ किंवा तेलावरची भाजी ठरवून घ्या. ते सहज करतात, पण तिथे पोचल्यावर सांगितलंत तर तोंड वाकडं करतात. विमानातलं जेवण वेगळं, त्याच्या कोडने सांगावं लागतं: एव्हीएमएल म्हणजे भारतीय शाकाहारी, त्यात दूध-दही येतं, तुम्हाला हवं ते व्हीजीएमएल, म्हणजे व्हीगन. साधारण दोन दिवस आधी एअरलाइनला कळवा, टूर कंपनीने कळवलं असेल असं धरून चालू नका.

सिंगापूरच्या पार्कात आणि फूड कोर्टात खरी मेख सॉसमध्ये असते. भाजी दिसायला हिरवीगार, पण ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस घातलेला, आणि सांबाल म्हणून जी चटणी मिळते त्यात बऱ्याचदा बेलाचान, म्हणजे सुक्या कोळंबीची पेस्ट असते. शिवाय तिथलं चिनी बौद्ध पद्धतीचं व्हेज जेवण मांसाशिवाय असलं तरी त्यात दूध किंवा अंडं असू शकतं, तेही विचारा.

मला विचाराल तर पार्कात पोट भरायच्या भानगडीत पडूच नका. लिटल इंडियात सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे, ग्रुपबरोबर नसाल त्या वेळी तिथे डोसा-इडली नीट खा, तूप नको एवढं सांगून. लिटल इंडिया स्टेशन आणि हार्बरफ्रंट स्टेशन एकाच नॉर्थ ईस्ट लाइनवर आहेत, गाडी बदलायची नाही, हार्बरफ्रंटला उतरून वर व्हिवोसिटी मॉलमधून सेंटोसा बेटावर जाणारी सेंटोसा एक्स्प्रेस ही मोनोरेल पकडली की युनिव्हर्सलचं गेट. टूरच्या बसने गेलात तरी संध्याकाळी मोकळा वेळ मिळाला तर हीच लाइन उलटी पकडून जेवायला या. आणि बॅगेत मुंबईहून चणे-शेंगदाणे ठेवा, राइडच्या लाइनीत उभं राहून भूक लागली की माणसं भांडतात, नवरा-बायको तर नक्कीच.

प्रश्न: ताई, भावाकडे अमेरिकेला जातोय, फ्लोरिडाचं डिस्ने वर्ल्ड करणार. तिथेही हाच त्रास का? – बोरिवली

उत्तर: तिथे कमी. डिस्नेच्या मेनूवर २०१९ पासून पानाचं चिन्ह असतं, म्हणजे त्या पदार्थात मांस, दूध, अंडं, मध नाही. आणि डबासुद्धा आत नेऊ देतात, फक्त काचेची बाटली आणि दारू चालत नाही, तेव्हा भावाच्या घरून चटणी-सँडविच करून न्या, तिथल्या किमती बघितल्यावर माझी आठवण येईल. मेनू त्यांच्या अ‍ॅपवर आधीच बघता येतो, बसून जेवायच्या हॉटेलांचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, ते करतानाच तुमचं खाणं लिहून टाका. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये सना नावाचं हॉटेल आहे, तिथे आपल्यासारख्या रोट्या आणि चटण्या मिळतात, पण नान आणि रायतं आलं की परत तेच दही, सांगून ठेवा. फ्राइज कुठेही खाल्ले तर तळणीचं तेल वेगळं आहे का ते विचारा, आणि पार्कच्या बाहेर तर जास्तच जपा, तिकडच्या मॅकडॉनल्ड्सच्या फ्राइजमध्ये बीफ फ्लेवर आणि दुधाचा अंश असतो, आपल्याकडच्यासारखे ते शाकाहारी नाहीत. गोड म्हणून मॅजिक किंगडममधल्या अलोहा आइलवर अननसाचं डोल व्हिप, म्हणजे मऊ आइस्क्रीमसारखा थंड पदार्थ, खा, नुसतं अननसाचं. व्हॅनिलाबरोबर स्वर्ल करून देऊ का असं विचारतील, त्यात दूध आहे.