माझा भाऊ न्यायालयीन कोठडीत आहे, कारागृहात त्याला औषधं मिळत नाहीत. तक्रार कुठे करायची?

विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, पॅनलवर वकील असल्याने महाराष्ट्रातल्या कारागृहांत माझं जाणं असतं. तुमच्या प्रकरणात मी दोन्ही बाजूंनी सुरुवात करेन, आतून आणि कोर्टातून.

आतून म्हणजे भावाने अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्यायचा. नुसतं ‘औषध मिळत नाही’ लिहून भागत नाही. कोणतं औषध, कोणत्या तारखेपासून बंद आहे, कोणाला सांगितलं, हे हवंच. पोच मागावी. पोच बरेचदा मिळत नाही, मग अर्ज दिल्याची तारीख त्याने मुलाखतीत तुम्हाला सांगावी आणि तुम्ही ती लिहून ठेवावी.

तक्रारपेटीही असते. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल पत्र लिहिलं, सुप्रीम कोर्टाने तेच याचिका मानलं. १९७९च्या त्या निकालात तक्रारपेट्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या आदेशाखाली असाव्यात असं सांगितलं आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात ती पडू नये म्हणून. तरी पेटीत चिठ्ठी टाकताना कोणी पाहील या भीतीने अनेक बंदी गप्प बसतात, आणि ती भीती खोटी नाही.

म्हणूनच कच्च्या कैद्यासाठी, म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही त्याच्यासाठी, मला कोर्टाची तारीख जास्त भरवशाची वाटते. दम्याच्या एका बंद्याला इनहेलर मिळत नव्हता. तारखेला व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) कोर्टाशी बोलता बोलता त्याला धाप लागली, ती मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ऐकली. आम्ही तिथेच अर्ज दिला, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद झाली, कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवला गेला. अहवालाच्या आधी इनहेलर पोहोचला. आतला अर्ज आधी दिलेला होता, त्यामुळे ‘आम्हाला कळवलंच नाही’ असं कोणाला म्हणता आलं नाही.

वकील नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात येणारे स्वयंसेवकही अर्ज लिहून देतात. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तुम्ही स्वतः तक्रार करू शकता, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. औषधासाठी मात्र त्या वाटेवर थांबून राहू नका.

आजच जुनी प्रिस्क्रिप्शन्स शोधा. दोन झेरॉक्स काढा, एक वकिलाला द्या आणि एक कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे अर्जासोबत स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपून ठेवा, पुढच्या तारखेला ती कोर्टाला दाखवता येईल.